मोत्याची हाक



मंडळी, आज कार्तिकी एकादशी. ज्यांचे चंद्रभागेपर्यंत जाणे झाले नाही त्यांनी साजगावची वाट धरली. कोणी कर्जतहून आले, कोणी चौकहून, कोणी खोपोलीच्या गाडीने. ही आपली धाकटी पंढरी. इथल्या देवाचे नाव ऐकून परगावचा माणूस हसतो, बोंबल्या विठोबा! हसू द्या त्याला. तुकोबाराय मिरच्या विकायला घाट उतरून इकडे आले, लोकांनी माल उधारीवर उचलला, आणि वसुलीसाठी देव स्वतः बोंबलत फिरला, अशी कथा आपल्या वाडवडिलांनी सांगितली. भक्ताच्या मिरच्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून ज्याने लाज सोडली, त्याच्या दारात आपण बसलो आहोत.

येताना यात्रेतूनच आलात ना? सुक्या मासळीचे ढीग पाहिलेत. माळकरी नाक दाबून जातो आणि कुत्रे नाक वर करून जाते. बिचाऱ्याची यात्रा तीच. पालावाला काठी घेऊन बसलेला असतो, कुत्रे काठीकडे एक डोळा आणि बोंबलाकडे एक डोळा ठेवून उभे. आज मला त्याच कुत्र्याबद्दल बोलायचे आहे. मागची मंडळी हसली, ऐकू आले मला. हसा, पण बसा.

नामदेवरायांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगावी? कुत्र्याने पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की बाबा, कोरडी खाऊ नकोस. लहान पोरालाही ठाऊक आहे. मी तीस वर्षे कीर्तनात ती सांगतो आहे. हात पुढे करून, पाय आपटत, वाटी धरल्यासारखी करून सांगतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. आता माझी गोष्ट ऐका.

माझ्याकडे एक कुत्रा आहे, मोत्या. गावठीच आहे, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. कबीरांनी स्वतःला रामाचे कुत्रे म्हणवून घेतले आणि आपले नावही मोतिया सांगितले, म्हणून मी हे नाव ठेवले. नाव ठेवताना माणूस किती मोठा असतो बघा! एका गावी सप्ताह होता. रात्री हीच नामदेवरायांची कथा सांगून, लोकांचे नमस्कार घेऊन पहाटे घरी आलो. त्या दिवशी घरी पुरणाचा नैवेद्य होता. मंडळींनी ताट देवापुढे ठेवले, मी आंघोळीला गेलो. परत येतो तो मोत्या देवघरात, पोळी तोंडात!

तुपाची वाटी ताटातच होती बरं का. माझा हात वाटीकडे गेला नाही. दाराच्या कोपऱ्यात काठी होती, तिच्याकडे गेला.

नुसते मारले असते तरी एक वेळ चालले असते. तो पळून अंगणात गेला. मी काठी पाठीमागे धरली, आणि अगदी गोड आवाजात, जशी रोज हाक मारतो तशीच मारली, ‘मोत्या, ये.’ आणि तो आला. शेपूट पोटाशी घेऊन, जमिनीला घासत, पण आला हो! मी बोलावले म्हणून आला. आणि आल्यावर मी त्याला मारले.

(येथे बुवा काही वेळ थांबले.)

पोळी केव्हाच खाऊन झाली होती. कुत्र्याच्या मनात मागच्या घटकेचा हिशेब राहत नाही. मार पडतो त्या क्षणी समोर जे असते, त्याच्याशी तो मार जोडला जातो. मोत्याने काय जोडले? पोळी चोरली म्हणून मार पडला, असे नाही. बुवांनी हाक मारली, मी गेलो, म्हणून मार पडला. त्या दिवसापासून तो माझ्या हाकेला येईना. दारातच असायचा, भाकरी खायचा, रात्री राखण करायचा. पण मी ‘मोत्या’ म्हटले की मान फिरवून दुसरीकडे बघायचा. मी जवळ गेलो की जांभई द्यायचा, ओठ चाटायचा. मला वाटायचे, हा मला जुमानत नाही. नंतर कळले, ती भ्यायल्याची खूण असते. आणि शेपूट हलली म्हणजे आनंदच, असेही नाही. खाली घेऊन भराभर हलणारी शेपूट तुमच्याकडे अभय मागत असते.

मी काय काय केले! बिस्किटे दाखवली, ओरडलो, दोरी बांधून ओढत आणला. ओढून आणलेला शरीराने येतो. मन अंगणाच्या कडेलाच राहते.

आमच्याकडे डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून एक आजी भाजी घेऊन यायची. पावसाळ्यात शेवळा, टाकळा, पुढे काकड्या. तिने माझी ओढाताण दोन-तीनदा पाहिली. एक दिवस पाटी उतरवली आणि म्हणाली, ‘बुवा, तू त्याला हाक नको मारूस. तू नुसता बस. त्याच्याकडं बघू नको. तो येल.’

मी म्हटलं, किती दिवस बसू?

‘त्याला वाटंल तवर.’

तिने करून दाखवले. अंगणात खाली बसली, मोत्याकडे पाठ फिरवून. भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला आणि शेंगा निवडत राहिली. मोत्या लांबून वळसा घालत आला, तुकडा घेऊन पळाला. दुसरा तुकडा जरा जवळ. तिसऱ्याला त्याने तिच्या पदराचा वास घेतला. तिने हात पुढे केला नाही, खाली जमिनीवर उघडा ठेवला. डोक्यावर वरून हात घातला नाही. वरून येणारा हात त्याला काठीसारखाच दिसतो. त्याने हुंगले, मग तिने हनुवटीखाली दोन बोटे खाजवली, आणि पुन्हा शेंगा.

मी रोज संध्याकाळी तसा बसू लागलो. हरिपाठाची वेळ होती, म्हटले इथेच म्हणू. वेळ एक, जागा एक, आवाज एक. त्याचे जेवण माझ्या हातून, ठरल्या वेळी. खाताना त्याला हात लावायचा नाही. हे पोरांनाही सांगून ठेवा, खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला छेडायचे नाही. घरात सगळ्यांना एक केले, कोणीही रागाच्या वेळी त्याचे नाव घ्यायचे नाही. नाव घेतले की त्याचे भलेच व्हायला पाहिजे. आपण देवाचे नाव का घेतो? त्या नावाने आजवर दगा दिला नाही म्हणून. मी मोत्याचे नावच बाटवले होते.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. दिवाळी आली. फटाके सुरू झाले तसा तो थरथरत पडवीतल्या लाकडांमागे शिरला. मला वाटले, आता जवळ घ्यावा. पण आजीचे आठवले. त्याला ओढला नाही. जवळ चटई टाकली आणि पाठ करून बसून राहिलो, आपले नामस्मरण करत. रात्री केव्हातरी गुडघ्याला ओले लागले. नाक होते ते. मंडळी, देवळात मला पुष्कळांनी नमस्कार केले आहेत, पण त्या ओल्या नाकापुढे मी इतका लहान झालो, काय सांगू!

आता भागवत सोडून बुवा कुत्र्यात शिरले, असे कोणी म्हणेल. मग महाभारतात चला. महाप्रस्थानाची वेळ. द्रौपदी पडली, चौघे भाऊ एकेक करून पडले. हस्तिनापुरातून निघाल्यापासून एक कुत्रा मागे चालत होता, तो तेवढा राहिला. इंद्र रथ घेऊन आला. म्हणाला, धर्मराज, बसा, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, सोडा त्याला. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. कारण काय दिले?  तो म्हणाला, हा माझा भक्त आहे, आणि भक्ताला टाकणे हे ब्रह्महत्येच्या तोडीचे पाप आहे. नीट ऐका, व्यासांनी तिथे कुत्र्याला भक्त म्हटले आहे! मग तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघाला, ते पुढचे. युधिष्ठिराला ते माहीत नव्हते, म्हणून त्याच्या बोलण्याला किंमत.

कुत्रा भक्त झाला, तर देव कोण? तुम्ही. तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, तुमचे उष्टे प्रसाद म्हणून खातो, आणि तुम्ही मारलेत तरी दुसरे दार धरत नाही. विठोबाने आपल्याशी कसे वागावे असे वाटते? हाक मारल्यावर काठी काढावी? चार महिने लाड करून टाकून जावे?

हे टाकून जाण्याचे मुद्दाम बोलतो. आपल्या कर्जत-खालापुरात आता डोंगराच्या पायथ्याला जिकडे तिकडे बंगले झाले, फार्महाऊस झाली. शहरातली मंडळी येतात, त्यांचे स्वागत आहे, आपल्या पोरांना काम मिळते. पण काही जण पावसाळ्यात पिल्लू आणतात, पोरे खेळतात, आणि गाडी परत जाते तेव्हा पिल्लू मोठे झालेले असते, गाडीत मावत नाही. असा एक कुत्रा मी पळसदरीच्या बाजूला रस्त्याच्या वळणावर पाहिला. गळ्यात चांगला पट्टा होता. पांढरी गाडी आली की उठायचा, काच बघायचा, पुन्हा बसायचा. जपानात हाचिको नावाचा कुत्रा होता, धनी वारल्यावर जवळजवळ 10 वर्षे शिबुया स्टेशनात रोज त्याची वाट पाहत गेला. 1935 साली तो मेला, पण त्याच्या आधीच लोकांनी तिथे त्याचा पुतळा उभा केला होता. त्याचा धनी निदान मेला होता. वळणावरच्या या कुत्र्याचा धनी जिवंत होता हो!

आणि ही जबाबदारी आपल्याही घरची आहे. कुत्रा पाळता ना, मग दरवर्षी त्याला रेबीजची लस टोचून घ्या. कोणाला चावला, नुसता दात लागला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायची, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना लावत बसू नका, अंगाऱ्यावर राहू नका. बुवाच सांगतो आहे, अंगाऱ्यावर राहू नका. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर वाचतो. कुत्र्यावर विश्वास ठेवा, पण त्याची लस टोचून मग ठेवा.

वळणावरच्या कुत्र्याचे काय झाले, असे पुढची माउली विचारते आहे. भाजीवाल्या आजीनेच नेला त्याला. रोज वाडीतून उतरताना वळणावर टेकायची, पाठ करून. भात झोडून झाला तेव्हा तो तिच्या मागे डोंगर चढला. पट्टा तिने सोडून टाकला. म्हणाली, ‘पळायचंच असंल तर पट्ट्यानं थांबंल का?’

आमचा मोत्या आता हाकेला येतो. पण मी छत्री उचलली की अजून दोन पावले मागे सरतो. म्हणून पावसाळ्यात मी आधी अंगणाबाहेर जातो, आणि तिथे गेल्यावर छत्री उघडतो. थोडा भिजतो. मंडळी विचारतात, बुवा, छत्री हातात असून भिजलात कसे?

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!