पाठभेदालाही जागा
(वाई येथील लेखक-संपादक संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीने आणि समस्त वाईकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. कोणी पुण्याकडून खंबाटकी ओलांडून सुरूरला वळलात, कोणी पाचगणीहून पसरणीचा घाट उतरलात. लेखक आणि संपादक यांना एका मांडवाखाली बसवायचे ठरले आणि त्यासाठी वाईची निवड झाली, हे कळले त्या संध्याकाळी आम्ही गणपती आळीत पेढे वाटले.

वाईत आलात तर घाट पाहिल्याशिवाय जाऊ नका. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड : एकेका आळीचा कृष्णेवर आपला घाट आहे आणि कृष्णाबाईच्या उत्सवात एकेका घाटाचा आपला थाट असतो. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ मागच्या बाजूनेही पाहा. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नदीच्या इतक्या जवळ देऊळ बांधताना त्या कारागिरांनी नदीचा केवढा विचार केला होता! वेळ काढून मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहा, घाटावरची वसईहून आणलेली घंटा पाहा. त्या वाड्यातल्या दप्तराची महती इतिहासाच्या अभ्यासकांना मी सांगायला नको.

पण मला आज ज्यांच्याविषयी सर्वांत अधिक बोलायचे आहे, त्यांचे नाव बाहेरगावी फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि वाईतल्या नव्या पिढीलाही ते सांगावे लागते याचे मला मनापासून दुःख होते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती. प्राज्ञपाठशाळा त्यांनी उभी केली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा १९१७ साली वाईला आले, ते त्यांच्यापाशी वेदान्त शिकायला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचेच शिष्य. स्वामीजींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. पहिला खंड १९५२ साली निघाला, १९५५ साली स्वामीजी गेले आणि शेवटचा खंड १९६६ साली बाहेर पडला. दुसऱ्यांची वचने जमवायची, पारखायची, लावायची, आणि आपण मागे राहायचे, यात त्यांनी आयुष्य घालवले. संपादकांच्या संमेलनात पहिला नमस्कार त्यांना व्हायला हवा, अशी माझी भावना आहे.

त्याच पाठशाळेत तर्कतीर्थांच्या संपादनाखाली धर्मकोश आकाराला आला. व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ सालचा. तो हातात घेऊन एक पान नीट पाहा. वर मूळ वचन, त्याखाली टीकाकारांचे म्हणणे आणि तळाशी बारीक टायपात पाठभेद. कोणत्या पोथीत कोणता शब्द निराळा आहे, हे तिथे नोंदलेले असते. संपादकाने एक पाठ स्वीकारला, पण दुसरा टाकून दिला नाही. त्यालाही पानावर जागा दिली. पुढे तर्कतीर्थांमुळेच मराठी विश्वकोशाचे काम वाईत आले आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. एकेका विषयाची नोंद लिहिणारा एक, तपासणारे अनेक, आणि नोंदीच्या शेवटी नाव लिहिणाऱ्याचे. आमच्या गावाला संपादन शिकवले ते या कामांनी.

माझा स्वतःचा व्यवसाय छपाईचा. वडिलांच्या काळापासून आमचा छापखाना आहे. खिळे जुळवण्याच्या दिवसांत गॅली-प्रूफ घेऊन लेखक स्वतः यायचे. या खोऱ्यातल्या एका शिक्षकाची कथा एका दिवाळी अंकाच्या छपाईसाठी आमच्याकडे आली होती. संपादकांनी दुरुस्त केलेली प्रत जुळवून झाली होती. शिक्षकांनी लिहिले होते, ‘म्हातारी तवाच उठून गेल्ती.’ प्रुफात होते, ‘वृद्धा तेव्हाच उठून निघून गेली होती.’ शिक्षक खिळ्यांच्या केसपाशी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “आता गावात माझी आय हे वाचून घेईल कुणाकडून तरी, तेव्हा तिला काय सांगू?” संपादकांचा हेतू वाईट नव्हता. वाक्य बाहेरच्या वाचकाला सोपे झाले होते. पण त्यातली म्हातारी निघून गेली होती, आणि खाली नाव त्या शिक्षकांचेच राहणार होते.

लेखक एवढा हळवा का होतो, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. छापलेल्या मजकुराचा जाब गाव लेखकाला विचारते, संपादकाला नाही. शिवाय संपादकापुढे एकच प्रत असते. लेखकाने त्याआधी फाडलेली पाने, खोडलेल्या सुरुवाती, मोठ्याने म्हणून पाहिलेली वाक्ये त्याला दिसत नाहीत. संपादकाला सैल वाटलेले वाक्य कदाचित सगळ्यांत शेवटी सापडलेले असते. आणि बदल झाल्याचे लेखकाला अंक हातात पडल्यावर कळले, तर बोलायलाही जागा उरत नाही.

संपादकांची बाजू मी जाणतो. पाने ठरलेली, तारीख ठरलेली, आणि आठ पानांच्या मजकुराला वीस पाने घेणारे लेखकही मी पाहिले आहेत. गिरगावातल्या खटाववाडीत बसून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकासाठी लेखकांना किती पत्रे लिहिली! कथा कुठे अडते, कुठे वाढते, हे ते लेखकालाच सांगत आणि पुन्हा लिहायला लावत. त्या पत्रांनी कित्येक लेखक घडले. तरीही १९६९ साली तरुण लेखकांनी त्याच ‘सत्यकथे’ची होळी केली. काय छापण्याजोगे हे ठरवणारे हात थोडे असले की कितीही जाणत्या संपादकाविषयी राग साचतो, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात घेतले पाहिजे. आणि फार मागे गेलो तर शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे एकनाथ महाराज आहेत. एवढ्या अधिकाराच्या कवीने त्या ग्रंथात आपली ओवी घातली नाही आणि पुढच्यांनाही तसे न करण्याविषयी बजावले. लेखकाच्या मनातल्या भीतीला यापेक्षा मोठा दिलासा मला माहीत नाही.

आता व्यवस्थेविषयी. वाई लहान गाव आहे. सर्वांची सोय एका ठिकाणी झाली नाही. काही मंडळी मंगल कार्यालयात, काही शाळेच्या वर्गांत, काही वाईकरांच्या घरी उतरली आहेत. आळ्या अरुंद, त्यामुळे गाड्या लांब लावाव्या लागल्या. घाटाच्या पायऱ्या उतरताना ज्येष्ठांनी स्वयंसेवकांचा हात धरावा, पहाटे पायऱ्या ओल्या असतात. गरम पाणी सकाळी कमी पडले तर कृपा करून रागावू नका, जवळच्या स्वयंसेवकाला सांगा. जे उणे राहिले असेल त्याबद्दल समितीच्या वतीने मी हात जोडून क्षमा मागतो.

संमेलनाच्या खर्चाचा मोठा भार हळदीच्या व्यापाऱ्यांनी उचलला, आणि नावे जाहीर करू नका असे बजावून सांगितले. पुस्तकांचे गाव भिलार इथल्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी पाठवली आहे. महिला मंडळांच्या भगिनी पहाटेपासून भाकरी भाजत आहेत. मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले, नगरपरिषदेचे सफाई कामगार, शाळेची मुले, अंथरुणे देणारी घरे, सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि ज्यांनी गुपचूप पाचशे-हजार रुपये आणून दिले, त्या पेन्शनर मंडळींचा तर विशेष.

जमलेल्या संपादकांना माझी एकच विनंती आहे. दोन दिवसांच्या चर्चेनंतर एक ठराव करून जा : दुरुस्त केलेली प्रत छपाईपूर्वी लेखकाला दाखवल्याशिवाय अंक किंवा पुस्तक मुद्रणालयात पाठवायचे नाही. आणि लेखकांनी ती प्रत हाती आल्यावर एक रात्र जाऊ द्यावी, मगच उत्तर लिहावे. हा ठराव इथे, स्वामी केवलानंदांच्या गावात व्हावा, अशी वाईकरांची इच्छा आहे.