एबीएस प्लॅस्टिक : गुण, उपयोग आणि मोड

धार आणि देवास या जुन्या पवार संस्थानांच्या मुलखात तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेण्याची चाल घरोघरी होती. भांडे चेपले, फुटले, तरी ते उकिरड्यावर गेले नाही; कारण धातूला मोल आहे, हे सर्व जाणत होते. आज घरातील अनेक वस्तू प्लॅस्टिकच्या झाल्या आहेत. त्यांनाही मोड असते, ही जाणीव मात्र अद्याप रुजलेली नाही.

प्लॅस्टिक म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्याच्या अनेक जातींपैकी यंत्रसामग्रीत विशेष वापरली जाणारी जात म्हणजे एबीएस. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन द्रव्यांपासून ती तयार होते. पहिल्याने कणखरपणा व रसायनांना तोंड देण्याची शक्ती येते. दुसरे रबरी गुणाचे असल्याने आघात सोसते. तिसऱ्यामुळे चकाकी येते आणि वितळलेला माल साच्यात सहज पसरतो. १९५० च्या दशकात या प्लॅस्टिकचे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

हेल्मेटचे कवच, दुचाकीची आवरणे, मोटारीच्या आतील भाग, दूरचित्रवाणी संच व संगणकाची पेटी, विजेच्या साहित्याचे भाग, प्रवासी पेट्या अशा कितीतरी वस्तू एबीएसच्या असतात. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १९८० च्या दशकापासून मोटारवाहनांचा उद्योग वाढला. त्यामुळे यंत्रोपयोगी प्लॅस्टिक हा या भागाला परका विषय नाही. या पदार्थाच्या उणिवाही ध्यानात घ्याव्यात. सततच्या उन्हाने तो पिवळट व ठिसूळ होतो, सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो आणि ॲसिटोनमध्ये विरघळतो.

एबीएस हे ऊष्मामृदू प्लॅस्टिक आहे; म्हणजे तापवून ते पुन्हा साच्यात घालता येते. जुन्या वस्तूंतील खिळे, स्क्रू व चिकटपट्ट्या काढून त्यांचे बारीक तुकडे करतात, ते धुऊन चांगले वाळवतात आणि वितळवून त्यांचे दाणे पाडतात. दर वेळी तापवल्याने त्याचा कस थोडा उतरतो. म्हणून त्यात पुष्कळदा नवा माल मिसळतात. खरी अडचण असते ती भेसळीची. दुसऱ्या जातीचे प्लॅस्टिक त्यात गेले, तर दोन्ही नीट एकजीव होत नाहीत आणि वस्तू लवकर तडकते. निवड केली तर तो माल, न केली तर तो कचरा.

ही निवड शाळेतही दाखविता येईल. एबीएसची घनता पाण्यापेक्षा किंचित अधिक, सुमारे १.०५ असते. त्याचा तुकडा साध्या पाण्यात बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. एक लिटर पाण्यात सुमारे १५० ग्रॅम मीठ विरघळवले, तर एबीएस वर येते आणि पीव्हीसी तळाशीच राहते. पॉलिस्टायरीन मात्र एबीएसप्रमाणेच वागते. म्हणून वस्तूच्या आतील बाजूस उठविलेली जातीची अक्षरे अवश्य पाहावीत.

जुन्या विद्युत उपकरणांच्या पेट्यांत आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळलेली असू शकतात. असा माल वेगळा ठेवावा. त्यापासून खेळणी वा अन्नाची भांडी मुळीच करू नयेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून, अशी उपकरणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेली पाहिजेत.

सर्वांत घातक सवय म्हणजे जाळणे. एबीएस जळताना काजळी, स्टायरीनची वाफ व हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघू शकतो. भोपाळच्या बंद युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन कचरा २०२५ साली पीथमपूर येथे जाळण्यात आला, तेव्हा या परिसरातील लोकांनी धुराविषयी चिंता व्यक्त केली होती. ते ज्वलन धूर शुद्ध करण्याची व्यवस्था असलेल्या भट्टीत झाले. गावाच्या वेशीवर पेटविलेल्या ढिगाला अशी कोणतीही व्यवस्था नसते. त्याचा धूर थेट घरात आणि मुलांच्या श्वासात जातो.

म्हणून ग्रामपंचायतींनी अशा वस्तूंसाठी एक स्वतंत्र जागा राखावी, शिक्षकांनी मुलांना निवड शिकवावी आणि घरोघरी जुन्या पितळेसारखीच या प्लॅस्टिकचीही मोड सांभाळावी. ढीग न पेटविणे, ही त्याची पहिली पायरी होय.