फुरसतगंजची उडान अकादमी आणि दोनशे तासांचा प्रश्न

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी उमेदवाराच्या नोंदवहीत किमान २०० तासांच्या उड्डाणाची नोंद असावी लागते. त्यांपैकी १०० तास त्याने विमानाचा प्रमुख म्हणून, स्वतःच्या जबाबदारीवर उड्डाण केलेले असावे लागते. त्यात २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या उड्डाणांचे हवेत आणि त्यांतील एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण केलेला हवा. रात्रीच्या उड्डाणांची आणि केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची अट आणखी वेगळी. अन्य व्यावसायिक शिक्षणात वर्गखोल्या वाढविल्या की जागा वाढतात. येथे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक तासामागे एक सुस्थितीतील विमान, इंधन, मोकळी धावपट्टी, निरभ्र हवा आणि निम्म्या वेळी तरी शेजारच्या आसनावर एक अनुभवी प्रशिक्षक लागतो.

हे तास कोणी पुरवावयाचे आणि त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न भारतातील नागरी उड्डाण शिक्षणाच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. केंद्र सरकारने त्याला दिलेले सर्वांत ठळक उत्तर म्हणजे उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. तिची वाटचाल त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

क्लबांचा काळ

अकादमीपूर्वी उड्डाण शिक्षण प्रामुख्याने फ्लाइंग क्लबांच्या हाती होते. दिल्ली, मुंबई आदी शहरांतील क्लब ब्रिटिश राजवटीत, १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी विमान चालविणे हा प्रामुख्याने सुखवस्तू घरांतील तरुणांचा छंद होता आणि क्लबांची रचनाही त्या छंदाला साजेशी होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अलाहाबादजवळ बमरौली येथे नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. पुढे ते हवाई वाहतूक नियंत्रकांच्या प्रशिक्षणासाठी नावारूपाला आले. पुण्यात हडपसर येथे ग्लायडिंग केंद्रही सरकारनेच चालविले. क्लबांना उड्डाणाच्या तासांमागे अनुदान मिळे आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनविलेली 'पुष्पक' ही दोन आसनी विमाने त्यांच्याकडे असत. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर वैमानिकांना नोकरी देणाऱ्या मुख्य संस्था दोनच उरल्या : एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. मागणी थोडी होती, म्हणून ही व्यवस्था कशीबशी पुरली.

तिचे दोष मात्र उघड होते. विमाने जुनी, सुटे भाग दुर्मिळ आणि प्रशिक्षक मोजके. त्या काळी परवान्यासाठी २५० तासांची अट होती. क्लबात आठवड्यातून एखादी पाळी मिळणाऱ्या विद्यार्थ्याला ती पूर्ण करण्यास वर्षानुवर्षे लागत. शिवाय एका क्लबात शिकलेला विद्यार्थी आणि दुसऱ्या क्लबात शिकलेला विद्यार्थी यांच्या कौशल्यात साम्य असेलच, याची खात्री नसे. जेट विमाने चालविणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ही अडचण किरकोळ नव्हती.

अकादमीची स्थापना

या पार्श्वभूमीवर १९८५-८६ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत एक स्वायत्त संस्था म्हणून या अकादमीची स्थापना झाली. लखनौहून रायबरेलीच्या पुढे, तेव्हा रायबरेली जिल्ह्यात आणि आता अमेठी जिल्ह्यात असलेले फुरसतगंज हे स्थान निवडले गेले. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी हे स्वतः इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते आणि अमेठीचे लोकसभेतील प्रतिनिधीही होते. स्थाननिवडीत या दोन्ही गोष्टींचा वाटा नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि प्रवासी विमानांची वर्दळ नसलेले मोकळे आकाश ही उड्डाण शाळेची खरी गरज असते आणि ती तेथे भागत होती. गावाच्या नावात फुरसत असली, तरी पहाटेपासून धावपट्टीवर चालणाऱ्या सरावात तिला फारशी जागा नसे.

अकादमीची मूळ कल्पना साधी होती. देशपातळीवरील लेखी परीक्षेद्वारे निवड, निवासी शिक्षण, एकसारखा अभ्यासक्रम आणि आधुनिक विमाने. फ्रेंच बनावटीची ट्रिनिडाड टीबी-२०, दोन इंजिनांची किंग एअर सी-९०, पुढे झेक बनावटीची झ्लिन अशी विमाने ताफ्यात आली. नव्या शतकात काचेच्या पडद्यांवर माहिती दाखविणारी डायमंड डीए-४० आणि दोन इंजिनांची डीए-४२ ही विमाने दाखल झाली. मोठ्या प्रवासी विमानांतील उपकरणांशी विद्यार्थ्याची ओळख त्यांमुळे आरंभापासूनच होऊ लागली.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. प्रवेश गुणवत्तेवर आणि केंद्र सरकारच्या आरक्षण धोरणानुसार होत असल्याने, ज्या घरात विमान केवळ आकाशातच पाहिले गेले होते, अशा घरातील विद्यार्थ्यालाही वैमानिक होण्याचा एक रीतसर मार्ग प्रथमच उपलब्ध झाला. क्लबांच्या काळात तो जवळपास नव्हता.

बाजारपेठेचे झोके

अकादमी स्थिरावते न स्थिरावते तोच विमान वाहतुकीचे धोरण पालटले. १९५३ चा हवाई महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित सेवेची दारे खुली झाली. त्यांतील दमानिया, ईस्ट-वेस्ट, मोदीलुफ्त यांसारख्या अनेक कंपन्या ते दशक संपण्यापूर्वीच बंद पडल्या. २००३ मध्ये एअर डेक्कनने अल्पदरातील प्रवासाचे युग सुरू केले आणि पाहता पाहता वैमानिकांची इतकी टंचाई झाली, की कंपन्यांना परदेशी वैमानिक नेमावे लागले.

उड्डाण शिक्षणाची खरी कोंडी येथे आहे. वैमानिक घडविण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. बाजारपेठ त्यापेक्षा लवकर पालटते. तेजी पाहून प्रवेश घेणारा विद्यार्थी अनेकदा मंदीत बाहेर पडतो. २०१२ मध्ये किंगफिशरची आणि २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली, तेव्हा परवाना हाती असूनही नोकरी नसलेल्या तरुणांची रांग लांबली आणि अनुभवी वैमानिकही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

तेजीचा दुसरा परिणाम प्रशिक्षकांवर होतो. उड्डाण शाळेतील वेतन आणि विमान कंपनीतील वेतन यांत मोठी तफावत असल्याने मागणी वाढली की प्रशिक्षक कंपन्यांकडे वळतात. म्हणजे ज्या वर्षी सर्वाधिक विद्यार्थी शिकवावयाचे, नेमके त्याच वर्षी शिकविणारे हात कमी होतात. सरकारी वेतनश्रेणीच्या चौकटीत असलेल्या संस्थेला हे दुखणे अधिक जाणवते.

२००८ मध्ये सरकारने अकादमीचे व्यवस्थापन दहा वर्षांच्या करारान्वये सीएई या कॅनडातील प्रशिक्षण कंपनीकडे सोपविले. मालकी सरकारची, कारभार व्यावसायिक कंपनीचा, अशी ही रचना होती. त्याच सुमारास या कंपनीने भारतीय विमानपत्तन प्राधिकरणासमवेत महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी केली. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. युद्धासाठी बांधलेली आणि नंतर विस्मरणात गेलेली ती जागा त्यायोगे शिक्षणाच्या कामी आली.

खासगी क्षेत्रात अन्यत्र जे घडत होते, त्याचे एक कटू चित्र २०११ मध्ये समोर आले. बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याच्या आरोपावरून काही वैमानिकांना अटक झाली. न झालेल्या उड्डाणांचे तास नोंदवहीत चढविले जात असल्याच्या तक्रारीही पुढे आल्या आणि देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची तपासणी हाती घ्यावी लागली. दोनशे तासांची नोंद खरी असणे हा प्रवाशांच्या जिवाशी निगडित विषय आहे. शासकीय संस्थेचे महत्त्व मोजताना केवळ तिने दिलेल्या परवान्यांची संख्या पाहून चालत नाही, ते यामुळे.

धुके, गोंदिया आणि एक अपघात

फुरसतगंज गंगेच्या मैदानात आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे दाट धुके उतरते आणि दृश्यमानतेअभावी विमाने दिवसचे दिवस उभी राहतात. यामुळे अभ्यासक्रम लांबतो आणि पुढच्या तुकडीची पाळीही पुढे जाते. २०२१ मध्ये अकादमीला गोंदिया आणि कर्नाटकातील कलबुर्गी येथे प्रशिक्षण देण्यास परवानगी मिळाली. सुट्टीच्या दिवशीही उड्डाणे घेण्याचे धोरण आले. रायबरेलीच्या धुक्यावर विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्याचा उतारा काढला गेला, असे म्हणता येईल.

त्याच सुमारास अन्य बदलही झाले. विमानपत्तन प्राधिकरणाने उड्डाण शाळांकडून घेतले जाणारे स्वामित्वशुल्क रद्द करून जमिनीचे भाडे कमी केले आणि बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी या पाच विमानतळांवर नव्या शाळांना जागा दिल्या. वैमानिकांच्या काही लेखी परीक्षा मागणीनुसार ऑनलाइन देण्याची सोय झाली. २०२१ मध्ये देशात ८६२ व्यावसायिक परवाने दिले गेले. २०२३ मध्ये ही संख्या १,६२२ वर पोहोचली. यांत परदेशी शाळांत शिकून आलेल्यांचा वाटाही मोठा असतो, हे विसरता कामा नये. देशात पुरेशा जागा असत्या, तर तो पैसा देशातच राहिला असता.

वाढत्या तासांबरोबर जोखीमही वाढते. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले अकादमीचे एक प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ वनप्रदेशात कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी दोघेही मृत्युमुखी पडले. नोंदवहीतील प्रत्येक तास हा जिवाच्या मोलाचा असतो, हे त्या टेकडीवर पुन्हा दिसले. नागरी महासंचालनालयाने २०२५ मध्ये उड्डाण शाळांची पहिली श्रेणीवारी जाहीर केली. तिचे निकष काटेकोर होते. वरच्या दोन श्रेणींत देशातील एकही शाळा बसली नाही.

शुल्काचा प्रश्न

अकादमीच्या आवारातील जमिनीवरच राजीव गांधी राष्ट्रीय विमान वाहतूक विद्यापीठ उभे आहे. त्याचा कायदा २०१३ चा, तर संकुलाचे उद्घाटन ऑगस्ट २०१७ मधील. परीक्षार्थींनी या दोन संस्थांची गल्लत करू नये : अकादमी वैमानिक घडविते, विद्यापीठ विमान वाहतुकीच्या व्यवस्थापनाचे व अन्य शाखांचे शिक्षण देते. तसेच १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. वैमानिकाला लागणाऱ्या रेडिओ संभाषणाच्या परवान्याचे काम त्यान्वये दूरसंचार खात्याकडून महासंचालनालयाकडे आले.

राहिला खर्चाचा प्रश्न. अकादमीचे शुल्क अलीकडच्या वर्षांत ४५ लाख रुपयांच्या घरात गेले आहे. प्रशिक्षण विमाने आयात होतात. त्यांतील बहुतेकांना लागणारे विशिष्ट पेट्रोलही दीर्घकाळ संपूर्णपणे परदेशातून येत होते. इंडियन ऑइलने गुजरातमधील शुद्धीकरण कारखान्यात ते तयार करण्यास २०२२ मध्ये आरंभ केला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांत वैमानिक परवान्याचा समावेश आहे. परंतु शिष्यवृत्ती न मिळणाऱ्या सामान्य उत्पन्नाच्या घराला जमीन वा घर तारण ठेवून कर्ज काढण्यावाचून पर्याय उरत नाही. लेखी परीक्षेने खुले केलेले दार शुल्काच्या टप्प्यावर पुन्हा अरुंद होते. अकादमीच्या चार दशकांच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे न्यून होय.

दुसरीकडे मागणीचा वेग कमी होण्याची चिन्हे नाहीत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीजवळील बेलोरा येथे स्वतःची उड्डाण शाळा उभारण्याची घोषणा केली असून वर्षाला १८० वैमानिक घडविण्याचा तिचा मानस आहे. अकादमीची वार्षिक प्रवेशसंख्या सव्वाशेच्या आसपास आहे; म्हणजे एका कंपनीची एक शाळा राष्ट्रीय अकादमीपेक्षा मोठी असेल. मात्र फुरसतगंजला बंधनकारक असलेले केंद्रीय आरक्षणाचे नियम अशा खासगी शाळेला लागू होत नाहीत. बेलोऱ्याच्या शाळेचे शुल्क किती असेल आणि विदर्भातील किती विद्यार्थी तेथवर पोहोचू शकतील, हे तिच्या पहिल्या तुकड्यांच्या याद्या पाहूनच कळेल.