प्रवासातील पाठशाला
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या शिक्षणफंडाकडे यंदा एका कन्येचा अर्ज आला आहे. तिच्या महाविद्यालयाचा एक अभ्यासक्रम परदेशात, प्रवास करीत शिकविला जाणार असून त्यासाठी तिला साहाय्य हवे आहे. हा अभ्यास की सहल, अशी शंका कमिटीत निघाली. शंका रास्त आहे. म्हणूनच या प्रथेच्या प्रारंभाची हकीकत आपणांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात रेमंड कर्कब्राइड नावाचे तरुण अध्यापक होते. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. विद्यार्थ्यांनी पदवीचे तिसरे वर्ष फ्रान्समध्येच शिकावे, ही त्यांची कल्पना. विद्यापीठाने पैसा देण्याचे नाकारले. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी खाजगी देणगीदारांची दारे ठोठावली. उद्योगपती पिएर द्यू पाँ यांनी हात दिला. ७ जुलै १९२३ रोजी आठ विद्यार्थी न्यूयॉर्कहून ‘रोशाँबो’ बोटीने निघाले.

पुढील भाग मला फार मोलाचा वाटतो. त्यांना थेट पॅरिसला नेले नाही. आधी नान्सी येथे भाषेची कसून तयारी करून घेतली, मग सोरबोन विद्यापीठ. मुक्काम फ्रेंच कुटुंबांत! ज्या घरी मीठदेखील परभाषेत मागावे लागते, तेथे जेवणाची पंगत हाच एक तास होतो. फळ्यापुढे आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हे कबूल करणे थोडे जड जाते, पण ते खरे आहे.

आजचे पुष्कळसे अभ्यासक्रम काही आठवड्यांचेच असतात. प्राध्यापक आपलेच, सोबती आपलेच, मुक्काम हॉटेलात. तेथे कमिटीची शंका खरी ठरू शकते. तेव्हा अर्जदार कन्येस विचारावे : निघण्यापूर्वी वर्ग होणार काय? तेथे कोणाच्या घरी, कोणाच्या संगतीत राहणार? परतल्यावर लेखी काम कोणते? आणि श्रेयांक पदवीत धरले जाणार काय?

मुलगी एवढ्या दूर कशी जाणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये. आनंदीबाई जोशी १८८३ साली पतीवाचून सातासमुद्रापार वैद्यक शिकावयास गेल्या होत्या.

उत्तरे समाधानकारक असल्यास निम्मी रक्कम देणगी व निम्मी बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावी, असे माझे मत आहे. माझ्या निवृत्तिवेतनातील पाच हजार रुपये आजच खजिनदारांच्या स्वाधीन केले आहेत. अर्ज नामंजूर झाल्यास ते वाचनालयाच्या खाती जमा करावेत.