बेताच्या पैशांत गेमिंग कॉम्प्युटर

घरात गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडायचा ठरला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली, की अर्धंअधिक बजेट ग्राफिक्स कार्डच खाऊन टाकतं. माझं सांगणं असं, की पैसे खरंच बेताचे असतील तर सुरुवातीला कार्ड घेऊच नका. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असते. हलके गेम त्यावर नीट चालतात. कार्ड पुढे सवडीनं बसवता येतं.

मात्र या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच भागवतं. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ जीबीच्या दोन घ्या. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते. दोन योग्य जागी लावल्या की हाच आकडा दुप्पट होतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरतात. कट् असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबा. मग बायोसमध्ये रॅमच्या वेगाचा एक्सएमपी हा पर्याय चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानंच चालत राहते.

काटकसर कॅबिनेटमध्ये करा, रंगीत दिव्यांत करा. पॉवर सप्लायमध्ये अजिबात नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा तर नकोच. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणित घ्या, आणि पुढच्या कार्डासाठी लागणारी पीसीआयई वायर त्यात आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या.