थेट कौल आणि रोजचा हिशेब
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

लोकांनी स्वतःच्या मतांनी निवडून दिलेला प्रमुखच लोकशाही मोडू शकतो, याचा अनुभव विसाव्या शतकात अनेक देशांनी घेतला. त्यांपैकी पेरूचे उदाहरण विशेष बोलके आहे. महागाई आणि दहशतवाद यांनी गांजलेल्या त्या देशात १९९० साली आल्बेर्तो फुजिमोरी थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष झाले. ५ एप्रिल १९९२ रोजी त्यांनी लष्कराच्या पाठिंब्याने संसद बरखास्त करून न्यायसंस्थेवर ताबा मिळवला, तेव्हा जनतेच्या मोठ्या भागाने या कृतीचे स्वागतच केले. त्यांचे विश्वासू मोंतेसिनोस हे गुप्तचर यंत्रणेची सूत्रे हाती ठेवून खासदार, न्यायाधीश आणि वाहिन्यांचे मालक यांना पैसे देत होते, हे २००० साली चित्रफितींतून उघड झाले. आणि सर्वांत मोठ्या रकमा वाहिन्यांच्या मालकांना मिळाल्या होत्या, हेही पुढे कागदपत्रांवरून दिसून आले. सत्तेला जाब विचारू शकणारी जवळजवळ प्रत्येक संस्था विकत घेता आली, म्हणूनच ती सत्ता दहा वर्षे टिकली.

ज्या राज्यपद्धतीत पेरूप्रमाणे कार्यकारी प्रमुखाला मतदार थेट निवडतात आणि मुदत संपेपर्यंत केवळ सभागृहाचा विश्वास गमावल्यामुळे त्याला पायउतार व्हावे लागत नाही, तिला अध्यक्षीय पद्धत म्हणतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पद्धतीची संसदीय पद्धतीशी तुलना केली होती. पहिलीत स्थैर्य अधिक आणि दुसरीत जबाबदारी अधिक, असे सांगून त्यांनी जबाबदारीला अग्रक्रम दिला. संसदीय पद्धतीत सरकारच्या कारभाराचे मूल्यमापन मतदार ठरावीक मुदतीने करतातच, शिवाय सभासदही प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांच्याद्वारे ते दररोज करतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

महाराष्ट्राने मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांत थेट निवडीचे तत्त्व स्वीकारले आहे. नगराध्यक्षांची थेट निवड २०१६ साली आणि सरपंचांची २०१७ साली लागू झाली, २०२० साली दोन्ही रद्द झाल्या आणि २०२२ साली पुन्हा आल्या. सरकार बदलले की निवडीची रीत बदलते, ही गोष्टच या संस्था किती परावलंबी आहेत हे दाखवते. या थेट निवडीमुळे पुणे जिल्ह्यातील जुन्नर शहराचा नगराध्यक्ष किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या गावचा सरपंच हा आता आपापल्या मर्यादित क्षेत्रातला थेट निवडलेला अध्यक्षच होय. या पदामागे संपूर्ण गावाचा कौल असल्याने सदस्यांच्या फोडाफोडीला आळा बसतो, हा या पद्धतीचा खरा गुण आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा, तर पहिली दोन वर्षे तो आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो, आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यावे लागते. अर्थात सदस्यांच्या हातून सुटलेले नियंत्रण कायद्याने ग्रामसभेच्या हाती सोपवले आहे, आणि ग्रामसभा दुबळी असेल तर ते कोणाच्याच हाती उरत नाही.

ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीतील सर्वांची सभा; ग्रामपंचायत ही तिला उत्तरदायी असलेली समिती. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. गणपूर्ती, म्हणजे सभा वैध होण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती असते. उपस्थिती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. गैरकारभाराची वाट नेमकी येथून जाते. मूळ सभेला कोणी फिरकत नाही. तहकूब सभा मोजक्या माणसांत उरकली जाते. मग हजेरीच्या रजिस्टरवर घरोघरी फिरून सह्या घेतल्या जातात आणि झालेल्या चर्चेपेक्षा इतिवृत्त लांबलचक निघते. त्या इतिवृत्ताच्या आधारे कामे मंजूर होतात, बिले निघतात आणि टक्केवारी ठरते. या साऱ्यात कोठेही बळजबरी नसते, म्हणून ही हुकूमशाही आहे असे कोणाला वाटत नाही. पण जाब विचारणारी संस्था निकामी करण्याचे जे काम पेरूत पैशाने झाले, तेच येथे लोकांच्या गैरहजेरीने होते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. आहुपे, तळेघर, घाटघर, अंजनावळे हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा पट्टा महादेव कोळी समाजाचा असून जुन्नर आणि आंबेगावातील अनेक आदिवासी गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा, अमलात आहे. या कायद्याने हिरड्यासारख्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली असून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधीही या गावांकडे थेट येतो. अबंध निधी म्हणजे ज्याचा विनियोग वरून ठरवून दिलेला नाही असा पैसा. तो कशावर खर्च करावा हे ग्रामसभेने ठरवायचे आहे, आणि म्हणूनच ती कागदोपत्री भरली तर सर्वाधिक नुकसान याच गावांचे होते.

लोकशाही दोन प्रकारे क्षीण होते: निवडून आलेला प्रमुख निरंकुश झाल्याने, किंवा निवडणूकच न झाल्याने. घटनेच्या २४३-ङ या अनुच्छेदानुसार पंचायतीची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. तरीही पुणे जिल्हा परिषदेवर आणि तिच्याबरोबर जुन्नर व आंबेगाव पंचायत समित्यांवर मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार राहिला. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. प्रशासक कितीही सचोटीचा असला, तरी तो मतदारांना उत्तर देण्यास बांधलेला नसतो. एवढ्या दीर्घ काळात त्याविरुद्ध मोठे जनआंदोलन उभे राहिले नाही, ही गंभीर चिंतेची बाब आहे.

सार्वजनिक पैशाची उघड नोंद ठेवणे या भागाला नवे नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची आणि पाण्याच्या टाक्याची नोंद आहे, तसेच बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचीही आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. सार्वजनिक हिताचा पैसा संस्थेच्या हवाली करावा आणि त्याची नोंद सर्वांना दिसेल अशी करावी, ही दृष्टी या भूमीला सुमारे दोन हजार वर्षे परिचित आहे.

म्हणून थेट निवड असावी की नसावी, या वादापेक्षा निवडीनंतरच्या पाच वर्षांचा प्रश्न मोठा आहे. ग्रामसभेची विषयपत्रिका आधी मागणे, गणपूर्ती भरेल इतक्या संख्येने मूळ सभेलाच बसणे, जमाखर्च वाचून घेणे, इतिवृत्त सभेतच लिहून त्यावर तेथेच सह्या करणे आणि नाकारलेली माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मिळवणे, ही कामे कोणत्याही पक्षाची नाहीत आणि त्यांसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. मतदानाने प्रमुखाला खर्च करण्याचा अधिकार मिळतो. त्या खर्चाचा हिशेब मागण्याचा अधिकार मात्र मतदाराकडेच राहतो, आणि तो वापरला नाही तर निवडून दिलेला प्रमुख सेवक न राहता मालक होतो.