नोंद गावात परत यावी : स्वागताध्यक्षीय भाषण

जैवविविधतेची माहिती एका जागी कधीच साठलेली नसते. पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याच्या शिवारात गावरान कापूस किंवा जुनी ज्वारी कोणाच्या बांधावर उरली, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पूर्णा नदीत कोणता मासा मिळेनासा झाला हे भोई सांगतो, तर गायरानातली कोणती वनस्पती नाहीशी झाली हे गुराखी सांगतो. शास्त्रीय नावे, वाणांचे गुणधर्म आणि बियाण्यांचे नमुने मात्र 1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थांकडे असतात. ही माणसे एका मांडवाखाली क्वचितच भेटतात. म्हणून या जैवविविधता परिषदेला आलेल्या शेतकरी, मच्छीमार, पशुपालक, पक्षीमित्र, शिक्षक आणि संशोधक अशा सर्वांचे चुडाव्यात मनापासून स्वागत आहे.

माहिती विखुरल्याने काय होते, हे पूर्णेकडे पाहिले तरी कळते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी येलदरी आणि सिद्धेश्वर धरणे ओलांडून पूर्णा तालुक्यातच कंठेश्वरला गोदावरीला मिळते. पाणीसाठा पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, पाण्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि पक्षी हौशी निरीक्षकांच्या वह्यांत! नदी एकच, पण तिचे वर्ष चार दप्तरांत वाटले गेलेले. मासा का घटला, याचे उत्तर त्या चारांपैकी एकाही दप्तरात एकट्याने सापडणार नाही.

या विखुरलेल्या माहितीच्या जोडणीची चौकट कायद्याने दिलेली आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचे मोठे काम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने हे काम पुरे करण्यास 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली. मुदतीपोटी वही भरली जाते, पण घाईत भरलेली वही शेजारच्या गावालाही लागू पडेल इतकी मोघम होते. खऱ्या नोंदीत स्थानिक नाव, जागा, तारीख, सांगणारा माणूस आणि शेवटचे कधी दिसले, एवढे तरी हवेच. शोधूनही न दिसणे हीसुद्धा नोंदच असते. घट कळते ती तिच्यामुळे.

साध्या माणसांच्या नोंदी जुळल्या की काय उभे राहते, याचे उत्तम उदाहरण पक्ष्यांचे आहे. 2023 च्या देशव्यापी पक्षी अहवालात तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवरून 942 जातींचा आढावा घेतला गेला आणि त्यांतल्या 178 जाती संवर्धनासाठी अग्रक्रमाच्या ठरल्या. सरकारी व बिगरसरकारी अशा तेरा संस्थांची ही भागीदारी होती. बियाण्यांत हेच काम अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे आणि बायफ संस्था यांच्या साथीने झाले. मराठवाड्याची लाल कंधारी आणि देवणी जनावरे, इथली ज्वारी, इथला कापूस यांच्यासाठी असे जाळे अजून विणायचे आहे. राज्याच्या जनुककोश प्रकल्पात स्थानिक पीकवाण, देशी पशुधन, गोड्या पाण्यातील जीव आणि गवताळ प्रदेश हे विषय असल्याने त्याला आधारही आहे.

सगळेच मात्र खुले करायचे नसते. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर झाली तर शिकाऱ्याला वाट सापडते. औषधी वनस्पतीचे ज्ञान व्यापाऱ्याच्या हाती गेले तर लाभातला वाटा गावाला मिळायला हवा, आणि तो हक्क जैविक विविधता कायद्यानेच दिलेला आहे. काय सांगायचे आणि काय राखायचे, हे सांगणाऱ्यालाच ठरवू द्यावे. आजवर नोंदी गावातून वर गेल्या, खाली मात्र फारशा उतरल्या नाहीत. तीच भागीदारीतली खरी उणीव आहे.

स्वागत समितीचे आवाहन त्यामुळे एकच आहे. येथे जमलेल्या प्रत्येक संस्थेने ज्या गावातून माहिती घेतली, तिथल्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ती मराठीत वाचून दाखवावी आणि ग्रामस्थांनी सुचवलेल्या दुरुस्त्या नोंदवहीत घ्याव्यात.